खोडाळ्याच्या बाजारापर्यंत

बुधामामा नसते तर मी जव्हारात सहा महिनेसुद्धा टिकले नसते, हे आधीच सांगून टाकते. मी भुलीची डॉक्टर. ऑपरेशनाआधी माणसाला झोपवायचं, तो झोपलेला असेपर्यंत त्याचा श्वास आणि नाडी सांभाळायची, मग जागं करायचं, हे माझं काम. पाड्यांवर मला ‘झोपवणारी बाय’ म्हणतात. मोठी माणसं निमूट झोपतात, पोरं झोपत नाहीत. हिरवे कपडे, तोंडाला फडकी, डोक्यावरचा तो दिवा, एवढं पाहिलं की चार वर्षांचं पोर सगळा दवाखाना गोळा करतं. त्यात माझा स्वभाव तापट. ‘मॅडमच्या आवाजानं झोपलेलं पोर उठेल, जागं काय झोपणार,’ असं सिस्टर माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि ते खरंच होतं.

कागदोपत्री बुधामामा थिएटरचे शिपाई. ट्रॉली ओढायची, लाद्या पुसायच्या, सिलिंडर बदलायचे. पोशेऱ्याच्या बाजूला एका पाड्यावर त्यांचं घर, उतारावर थोडी नागली, खाली दोन पट्ट्या भात. दवाखान्याची इमारत बांधायला विटा वाहायला आले आणि तिथेच चिकटले, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. शनिवारी जीपने घरी जायचे, सोमवारी सकाळी माझ्यासाठी फडक्यात बांधलेली नागलीची भाकर घेऊन यायचे. मी जव्हारची, मास्तरांची मुलगी, पण शिकले पुण्यात, म्हणून मला भाकर थापता येत नाही याची त्यांना फार कीव यायची. डोंगरातल्या रीतीप्रमाणे ते मला ‘तू’च म्हणायचे. कलेक्टर आला असता तर त्यालाही म्हणाले असते.

मामांचं खरं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. पोर रडायला लागलं की ते मला कोपराने बाजूला सारायचे, पोराचा हात हातात घ्यायचे आणि सांगायचे, ‘चल, खोडाळ्याच्या बाजाराला जाऊ.’ मग चालायला सुरुवात. हा ओढा आला, पाय भिजव. हा मोहाचा झाड. ही शाळा, गुरुजी झोपलेत, हळू चाल. ह्या करवंदीच्या जाळ्या, काटा लागंल. पोर डोळे विस्फारून त्यांच्याबरोबर चालू लागायचं आणि तेवढ्यात मी माझं औषध सोडायची. करवंदीच्या पुढे कोणी फारसं जायचं नाही. बाजारात भेळ होती, फुगे होते, पाळणा होता, पण इतक्या वर्षांत एकही पोर तिथवर जागं पोचलं नव्हतं.

नंतर मामा बाहेर जायचे, दारात उकिडव्या बसलेल्या आईबापांपुढे स्वतः उकिडवे बसायचे आणि एकच वाक्य बोलायचे. ‘पोर निजला का त्याला काय त्रास नाय.’ ते वाक्य मुळात माझं. मी नवीन असताना एका आईला वैतागून म्हणाले होते, एकदा झोपलं की बाळाला काही त्रास नाही, रडू नका. मामांनी ते उचललं, आपल्या बोलीत घातलं आणि हजारो लोकांना दिलं. माझ्या तोंडून ते नुसतं खडसावणं होतं, त्यांच्या तोंडून ऐकून लोक खरोखर शांत व्हायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

त्यांची नात माघी सहा वर्षांची. तिचे आईबाप, रोहिदास आणि निशा, ठाण्याकडे इमारतींच्या कामावर, म्हणून ती आजीआजोबांजवळ. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या पायावर उकळती पेज सांडली. एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि प्रत्येक ड्रेसिंगला पोर बेशुद्ध पडेपर्यंत ओरडायची. मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच काही मागायला आले होते. मी त्यांना झोपेच्या सिरपची बाटली दिली. मापाच्या टोपणावर बॉलपेनने रेघ ओढून दिली, एवढंच, ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी. पाय बरा झाला. बाटलीत तीन बोटं औषध उरलं. मी परत मागितलं नाही आणि त्यांनी फेकलं नाही. दवाखान्याला दोन तास लागतात तिथे औषध कोणी फेकत नाही, नागलीच्या कणगीमागे जपून ठेवतात.

दसरा होऊन गेला होता. भात पिकलेला, आणि पाखरं हाकायला पोरं शेतातल्या माचेवर बसत होती. रविवारी सकाळी सातला माघी माचेवरून पडली. दोन पुरुष उंचीची माच. पडली, रडली, उठली. कानाच्या वर टेंगूळ आलं, त्यावर आजीने, रखमीने, हळद लावली. पोरीने भाकर खाल्ली, कोंबड्यांमागे धावली. मामा घरीच होते. त्यांनी स्वतः बघितलं आणि हसले.

डोक्याच्या काही जखमा अशा फसव्या असतात. कवटीच्या आतली एक बारीकशी रक्तवाहिनी फुटलेली असते आणि रक्त थेंबाथेंबाने साठत असतं. तास, दोन तास पोर अगदी ठीक दिसतं. नवाच्या सुमाराला माघी डोकं धरून बसली. मग ओकली. मग ओरडायला लागली, ती थांबेना.

मामांनी दोन गोष्टी केल्या. त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणीही त्या केल्या नसत्या.

पहिली ही की त्यांनी तिला जव्हारला आणलं. डोक्याचा फोटो काढायचं मशीन आणि डोकं उघडणारा डॉक्टर, दोन्ही नाशिकला, म्हणजे मोखाड्यावरून उलट्या दिशेला. दुसरा कोणीही मोखाड्याच्या डॉक्टरांना दाखवून त्यांनी पाठवलं असतं तिकडे गेला असता. मामा मोखाडं ओलांडून पुढे आले, कारण त्यांचं थिएटर जव्हारला होतं आणि तिथे मी होते.

दुसरी ही की जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी कणगीमागची बाटली काढली. पोर मोठं झालंय म्हणून रेघेच्या वर टोपण भरलं, आणि ओरडणं थांबेना म्हणून वाटेत अजून अर्धं दिलं. माघी झोपली. जीपमधल्या बाया म्हणाल्या, निजू दे, उठवू नको, डोका उतरंल. मामांनाही बरं वाटलं. झोपलेल्या पोराला कसला त्रास?

बारा वाजता ते थिएटरच्या मागच्या दाराने आले. माघी खांद्यावर. मी कपाटात औषधं मोजत होते.

‘बाय, माघी पडली सकाळी. डोका दुखत होता, लय रडं. आता निजलीय गुमान,’ ते म्हणाले, आणि थोडे हसलेसुद्धा. ‘तुझा औषध पाजला.’

मी तिला टेबलावर घेतलं. श्वास मिनिटाला आठ, तेही उथळ. नाडी पोराची वाटू नये इतकी मंद. पापण्या उघडून टॉर्च मारला. डावी बाहुली बारीक झाली. उजवी मोठी होती ती तशीच राहिली.

त्या बाहुलीचा अर्थ सांगावा लागत नाही. आत दाब इतका वाढलाय की मेंदू खाली सरकू लागलाय.

‘किती पाजलं?’ मी ओरडले. मामांनी बाटली काढून दाखवली. बाटली रिकामी होती. माझ्या बॉलपेनची रेघ टोपणावर अजून होती.

‘काय झाला, बाय?’

मी सांगायला नको होतं, निदान त्या क्षणी नको होतं. पण माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. हात चालू होते आणि तोंडही चालू होतं. मी म्हणाले, मामा, झोपेचं औषध श्वास मंद करतं. श्वास मंद झाला की आतली वापरलेली हवा बाहेर पडत नाही, रक्तात साठते. तशा रक्ताने मेंदूतल्या शिरा फुगतात. धडधाकट पोराचं त्याने काही बिघडत नाही, उठल्यावर ते खायला मागतं. पण हिच्या डोक्यात आधीच रक्त साठतंय. कवटी हाडाची, ती काही ताणत नाही. शिरा फुगल्या तर मेंदूने जायचं कुठे?

मामा ट्रॉलीला धरून उभे होते. ‘झाकण बांधलेल्या मडक्यात भात फुगतो तसा,’ ते म्हणाले.

‘हो. तसं.’

‘हा अर्धा तू कधी सांगला नाय, बाय.’

खरंच नव्हतं सांगितलं. आठ वर्षं शेजारी उभं राहून मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. थिएटरात प्रत्येक झोपलेल्या पोराच्या नाकाशी माझा हात असतो, झोप त्या हातामुळे निर्धोक असते. मामांना तो हात रोज दिसत होता, पण तो कशासाठी आहे हे शिपायाला सांगायची मला कधी गरज वाटली नाही.

आता तिच्या श्वासनलिकेत नळी घालून आम्हाला तिचा श्वास आमच्या हातात घ्यायचा होता. नुसती नळी घातली तर पोर अर्धवट बेशुद्धीतही खोकतं, जोर करतं, आणि त्या एका खोकल्यात दाब भडकतो. म्हणजे आधी तिला पूर्ण झोपवायला हवं होतं. मी पिवळी भुकटी विरघळवायला घेतली आणि मामांनी माझं मनगट धरलं.

‘परत निजवू नको.’

‘हात सोडा.’

‘निजवूनच बिघडला ना? तूच सांगलास आता. परत नको, बाय. पाया पडतो.’

हजारो आईबापांना समजावणारा माणूस माझं मनगट सोडत नव्हता. सिस्टर गौरा दारात थिजून उभ्या. रोहिदासचा फोन लागत नव्हता, बांधकामावर फोन बाहेर ठेवून घेतात. सही करणारे फक्त मामा होते. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांना मिठी मारून रडावंसंही वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता.

‘ऐका,’ मी म्हणाले. ‘सगळी झोप सारखी नसते. हे औषध मेंदूला गप्प करतं. गप्प मेंदू रक्त कमी मागतो, शिरा आकसतात, दाब उतरतो. श्वास हेही थांबवतं. पण या खेपेला श्वास आपण देणार आहोत. तुम्ही पाजलंत तेव्हा श्वास बघणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक आहे. आणि तेवढाच सगळा फरक आहे.’

त्यांनी मनगट सोडलं. कागदावर सही केली. अक्षरं वाकडी आली.

ते औषधही काही देवमाणूस नाही. जास्त गेलं तर रक्तदाब पडतो, आणि मग दबलेल्या मेंदूत रक्त चढतच नाही. आमच्याकडे रोज वापरायचं दुसरं औषध होतं, त्याने रक्तदाब टिकतो. जुनी पुस्तकं सांगतात त्याने डोक्यातला दाब वाढतो, नवी सांगतात श्वास नीट दिलात तर वाढत नाही. त्या टेबलापाशी कुठलंच पुस्तक उपयोगाचं नव्हतं. मी पिवळं औषध अर्ध्या मापाने, हळूहळू दिलं.

‘मामा,’ मी म्हणाले, ‘बाजाराला न्या तिला.’

त्यांनी तिचा हात धरला. ‘चल माघी,’ म्हणाले. ‘हा ओढा...’ नळी एका खेपेत गेली. ती खोकली नाही.

उशाकडची बाजू उंच केली, दाब उतरवायची सलाईन लावली आणि पाऊण वाजता निघालो. माझ्यामागे दवाखान्यात दुसरा भूलतज्ज्ञ नव्हता. त्या दुपारी एखादी अडलेली बाई आली असती तर तिचं काय झालं असतं, हा विचार मी मोखाड्यापर्यंत केला आणि मग सोडून दिला. गाडीत श्वास देणारं यंत्र नव्हतं. होता तो रबरी फुगा, हाताने दाबायचा. मी सलाईन, नाडी, बाहुल्या बघत होते, त्यामुळे फुगा मामांकडे.

‘दर तीन सेकंदांना एक,’ मी त्यांना बजावलं. ‘हळू झालात तर शिरा फुगतील. घाई केलीत तर इतक्या आकसतील की मेंदूला रक्त मिळणार नाही. एकसारखं पाहिजे.’

मामांना घड्याळावर भरवसा नव्हता. दोन मिनिटांनी मला ऐकू आलं. ओठ हलत होते. हा ओढा आला. दाब. हा मोहाचा झाड. दाब. ही शाळा. दाब. ह्या करवंदीच्या जाळ्या. दाब. मी घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला बरोबर वीस. यंत्रानेही यापेक्षा बरं केलं नसतं.

करवंदीच्या पुढची वाट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पुढे उतार होता, पूल होता, पुलावर बसलेला फागू नावाचा म्हातारा होता, मग बाजार. भेळ, फुगे, पाळणा. मग परत ओढा. मोखाड्याच्या आधी रस्ता खणून ठेवला होता, तिथे गाडी उडाली तेव्हाही ते चुकले नाहीत. त्यांच्या पाड्याकडे जाणारा फाटा आला. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या मनगटावरची शीर तट्ट फुगली होती. मी म्हणाले, द्या, थोडा वेळ मी घेते. त्यांनी मान हलवली. सव्वादोन तासांत माघी किती वेळा बाजारात जाऊन आली याला हिशेब नाही. त्र्यंबकच्या अलीकडे उजवी बाहुली किंचित लहान झाली. मी मामांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चुकत नव्हता. मला वाटलं, वाचली. खोटं कशाला सांगू, मला खरंच वाटलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी तासाभरात डोकं उघडून रक्त काढलं. ऑपरेशन उत्तम झालं, ते म्हणाले. मामांनी विचारलं, ‘उठंल कधी?’ ते म्हणाले, बघू.

माघी उठली नाही. मेंदू फार वेळ दबलेला होता. ती चौथ्या दिवशी दुपारी गेली. मी जव्हारला परतले होते, फोन आल्यावर पुन्हा गेले.

नाशिकच्या दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर सगळे बसले होते. रखमी निशाला धरून. मामा एका बाजूला, हात मांड्यांवर पालथे टाकून. रोहिदास सिमेंटने पांढऱ्या पडलेल्या पँटमध्येच होता, चार दिवस त्याने कपडे बदलले नव्हते. यात कोणाची काही चूक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. माच उंच होती, पोर पडलं, एवढंच त्याला माहीत. मी बसले तसं त्याने बापाकडे पाहून विचारलं, ‘बाबा, तिला त्रास झाला का रे?’

आठ वर्षं मामा या एका प्रश्नाचं उत्तर देत आले होते. त्यांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य मला त्यांच्या ओठांवर अडकलेलं दिसलं. ते माझंच होतं, म्हणून मी ते परत घेतलं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘झोपली होती ती. झोपलेल्या पोराला काही त्रास नसतो.’

रोहिदासने मान खाली घातली. निशा रडली, पण जरा मोकळी रडली. हे वाक्य अजूनही काम करत होतं, याचा मला राग आला. मला वाटलं, आता उठावं. याहून जास्त त्यांना कशाला हवंय? बाप म्हातारा आहे, वर्षभराने निवृत्त होईल, मुलगा त्याला सांभाळेल, पोर तर काही परत येणार नाही.

मामांनी पालथा हात उचलून माझ्या पदराला धरलं. बोटं सुजलेली होती.

‘आता उरलेला पण सांग, बाय,’ ते म्हणाले. ‘त्याला अर्धा नको.’

रोहिदासने वर पाहिलं. माझ्याकडे, मग बापाकडे. मामांनी मान फिरवली नाही, मुलाच्या डोळ्यांत बघत बसले.

मला कुठून सुरुवात करावी ते कळेना. माच, जीप, मोखाडं, टोपण, सगळीकडून सुरुवात करता आली असती आणि सगळीकडून ती मामांवरच येऊन थांबली असती. मी पर्स उघडली. बाटली त्या दिवसापासून माझ्याकडेच होती. ती मी रोहिदासच्या हातात दिली आणि टोपणावरची रेघ दाखवली.

‘ही रेघ माझ्या हातची आहे,’ मी म्हणाले. ‘बाटली मी दिली होती.’